डिस्कची जागा बदलते, ओळख बदलू नये

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. यंदा तळावर ज्याची कोपी तिसरी, त्याची पुढच्या हंगामात सातवी असू शकते. 'तिसऱ्या कोपीतला माणूस' एवढ्याच खुणेवर शोधायला गेले, तर भलताच माणूस भेटेल. नावाने विचारले तर बरोबर सापडेल. संगणकाच्या डिस्कचेही असेच आहे.

लिनक्स सुरू होताना डिस्क जशा सापडतील, तशी त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. ही नावे म्हणजे रांगेतले क्रमांक. नवी डिस्क जोडली किंवा एखादी डिस्क सुरू व्हायला उशीर झाला, की रांग बदलू शकते. विंडोजमध्येही पेनड्राइव्हला कधी 'ई', तर कधी 'एफ' हे अक्षर मिळते.

समजा, एका दवाखान्यात रुग्णांचे एक्स-रे 'एसडीबी' डिस्कवर आहेत. नवी डिस्क जोडून संगणक पुन्हा सुरू केला आणि नवी डिस्कच 'एसडीबी' झाली. जुनी 'एसडीसी' वर गेली. कालच्या आठवणीवर विसंबून कोणी 'एसडीसी' फॉरमॅट केली, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसल्या जातील.

यावर उपाय म्हणजे यूयूआयडी. हा 128 बिटांचा क्रमांक 32 अंक-अक्षरांत, पाच गटांत लिहितात. फॉरमॅट करताना तो डिस्कच्या त्या विभागावरच नोंदवला जातो. त्यामुळे डिस्क कोणत्याही पोर्टला जोडा, लिनक्समधील 'यूडेव्ह' ही यंत्रणा तो क्रमांक वाचून तिला ओळखते. म्हणूनच आपोआप जोडायच्या डिस्कच्या यादीत, म्हणजे 'एफएसटॅब' फाइलमध्ये, एसडीबीऐवजी यूयूआयडी लिहिणे सुरक्षित.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. पुन्हा फॉरमॅट केल्यास यूयूआयडी बदलतो. आणि डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर दोन्हींचा यूयूआयडी एकच राहतो. अशा जुळ्या डिस्क एकाच वेळी जोडल्या तर गोंधळ होतो.

घरच्या वापरासाठी प्रत्येक डिस्कला 'फोटो' किंवा 'बॅकअप' असे लेबल द्यावे. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधून तिचे अक्षरही ठरवून ठेवता येते. फॉरमॅटचे बटण दाबण्यापूर्वी लेबल, क्षमता आणि कंपनीने दिलेला अनुक्रमांक, तिन्ही पडताळावेत. त्याला एक मिनिट लागते; पुसलेली माहिती परत मिळेलच याची खात्री नसते.