अर्ज भरण्याआधी बोर्डावर कोण आहे ते बघा

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने फेलोशिपचा अर्ज तपासायला दिला. संस्था मेंदूच्या आजारांवर काम करणारी. प्रस्ताव चांगला जमला होता. मी विचारलं, "यांच्या बोर्डावर कोण आहे?" तर म्हणाली, "ताई, ते कशाला बघायचं?" पहिल्या वर्षी मीही बघितलं नव्हतं. रुग्णसेवेला पैसे देणाऱ्या एका ट्रस्टला प्रथिनांवर दहा पानं पाठवून बसले होते. उत्तरसुद्धा आलं नाही.

बऱ्याच संस्थांत दोन मंडळं असतात. विश्वस्त मंडळ पैसा, कायदेशीर जबाबदारी आणि संस्थेची दिशा सांभाळतं. वैज्ञानिक सल्लागार मंडळ प्रस्ताव तपासतं. आपण सगळे या दुसऱ्या मंडळासाठी लिहितो. पण कुठल्या प्रकारच्या प्रश्नाला पैसे द्यायचे, हे अनेकदा पहिल्यानेच ठरवलेलं असतं.

हंटिंग्टन या आजाराचं उदाहरण घेऊ. यात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात, हातपाय आपोआप हलायला लागतात, विचार आणि स्वभाव बदलतो. आई किंवा वडलांना तो असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता ५० टक्के. अमेरिकी गायक वुडी गथ्री १९६७ मध्ये याच आजाराने गेले. त्यांच्या पूर्वीच्या पत्नी मार्जोरी यांनी त्याच वर्षी रुग्ण-कुटुंबांची संघटना उभी केली. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसमधले मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांच्या घटस्फोटित पत्नी लिओनोर यांना हेच निदान झालं. म्हणजे ॲलिस आणि नॅन्सी या दोन्ही मुलींनाही धोका.

मिल्टन आधी मार्जोरींच्या संघटनेबरोबरच होते. पण मार्जोरींचा भर कुटुंबांना आधार आणि जनजागृतीवर, तर मिल्टनना मूलभूत संशोधन हवं होतं. शेवटी वाटा वेगळ्या झाल्या आणि हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन स्वतंत्रपणे काम करू लागलं. आजार एकच, दुःखही एकच, पण सूत्रं कुणाच्या हातात यावरून पैशाची दिशा बदलली. यात एक बरोबर, एक चूक असं मला वाटत नाही.

मिल्टन स्वतः जीवशास्त्रज्ञ नव्हते, म्हणून त्यांनी शास्त्रज्ञांना जवळ केलं. त्यांच्या कार्यशाळांत तयार भाषणं नाहीत, स्लाइड नाहीत. तरुण संशोधकांनी बसायचं आणि वाद घालायचा. (आपल्याकडच्या सेमिनारमध्ये हे कुणी करून बघावं!) १९७९ च्या अशाच एका बैठकीत प्रश्न आला: डीएनएवरच्या खुणा वापरून हंटिंग्टनचं जनुक आत्ताच शोधायला लागायचं, की आधी सगळ्या गुणसूत्रांचा नकाशा बनवायचा? दुसरा मार्ग जास्त सावध होता. फाउंडेशनने पहिल्याला बळ दिलं. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या असलेली मोठी कुटुंबं होती. नॅन्सी तिथे रक्ताचे नमुने आणि वंशावळी गोळा करायला जाऊ लागल्या. जेम्स गुसेला यांच्या गटाला अगदी पहिल्या डझनभर खुणांतच यश आलं आणि १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरचा पत्ता लागला. यात नशिबाचा वाटा मोठा होता, हे खरं. प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ उजाडलं.

आता अवघड भाग. ज्यांच्या स्वतःच्या शरीराचा प्रश्न आहे, त्यांनी संशोधनाची दिशा ठरवावी का? घाई होईल, आवडत्या कल्पनेला झुकतं माप मिळेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच प्रस्ताव तपासायला वेगळं वैज्ञानिक मंडळ लागतं. पण जोखीम घ्यायची तयारीही याच लोकांकडे असते. नॅन्सींच्या कामातून आजार आधीच सांगणारी चाचणी शक्य झाली. उपचार मात्र नव्हता. स्वतःबद्दल त्या कित्येक वर्षं काहीच बोलल्या नाहीत. आपल्यालाही हंटिंग्टन आहे, हे त्यांनी २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं.

ज्युनिअरच्या संस्थेची यादी आम्ही दोघींनी मिळून उघडली. विश्वस्तांत रुग्णांचे नातेवाईक, एक सीए, एक निवृत्त डॉक्टर. वैज्ञानिक मंडळाचा कुठे उल्लेखच नाही. "आमचे प्रस्ताव कोण तपासतं?" असं विचारणारा मेल तिने काल पाठवलाय. अर्ज अजून ड्राफ्टमध्येच आहे.