पहिला एकटीचा प्रवास आणि ‘आपल्याला काय आवडतं’ हा प्रश्न

प्रवासात तुम्हाला काय आवडतं? बहुतेक जण सांगतात : समुद्र, शांतता, गर्दी नको. मीही हेच सांगायचे. मग पीएचडीच्या पहिल्या वर्षी विरारहून डहाणू लोकल पकडून दोन दिवस एकटीच पालघर-बोईसरला गेले. हौस होतीच, पण फील्डवर्कसाठी किनाऱ्यावरची गावं घ्यायची की बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा, हेही परत आल्यावर गाइडना सांगायचं होतं. पुढची दोन-तीन वर्षं त्यावर ठरणार होती.

प्रवासाचा अभ्यास करणारे दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. एक, माणूस प्रश्नावलीत सांगतो ती पसंती. दुसरी, त्याच्या निवडीतून दिसते ती. दुसरीची कल्पना अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युअलसन यांनी १९३८ मध्ये मांडली. दोन्ही पर्याय आवाक्यात असताना तुम्ही एक उचललात, तर तुमची पसंती त्याला. तोंडाने काही का म्हणेना!

आता माझी वही बघा. पहिल्या दिवशी दुपारी केळवे रोडला उतरले, शेअर रिक्षाने केळव्याला गेले. शीतलादेवीचं देऊळ, सुरूची बाग, लांबलचक किनारा. तीन तास ठरवले होते, चाळीस मिनिटांत कंटाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरला एमआयडीसीच्या रस्त्यावर शिफ्ट सुटताना चहाच्या टपरीपाशी उभी राहिले, ती दीड तास हललेच नाही. म्हणजे मला समुद्रापेक्षा कारखान्यांचं गाव आवडतं?

थांबा. एकीकडे दुपारचं ऊन होतं, दुसरीकडे सकाळ. एकीकडे एकटं असण्याची धाकधूक ताजी होती, दुसरीकडे ती ओसरली होती. जागा, वेळ, थकवा, सवय, सगळं एकदमच बदललं. कशामुळे काय झालं, हे दोन दिवसांच्या नोंदींतून सुटं करता येत नाही.

याहून मोठी गफलत सातपाटीची. संध्याकाळी बंदरात होड्या परतताना बघायच्या होत्या, पण पाच वाजताच पालघरला निघून आले. माझ्या मोबाइलच्या लोकेशनवरून कुणी निष्कर्ष काढला, तर ‘हिला सातपाटी फारसं रुचलं नाही’ असा निघेल. खरं कारण एवढंच की अंधार पडल्यावर परत कसं यायचं, हे मला माहीत नव्हतं. थांबण्याचा पर्याय माझ्या आवाक्यातच नव्हता, मग सॅम्युअलसनची अटच मोडली. उद्या तुमच्या डेटात बायका संध्याकाळचा प्रवास कमी करताना दिसल्या, तर तुम्ही काय लिहाल? ‘त्यांना आवडत नाही’?

आठवणीवरही विसंबू नका. १९९३ च्या एका प्रयोगात डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कुठला प्रकार कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रासाचा, निवडला. शेवट जरा बरा होता, इतकंच. माझंही तेच झालं. परतताना खिडकी मिळाली, वाऱ्यावर डोळा लागला आणि सगळी सहल गोड आठवायला लागली. वहीत मात्र पहिल्या दिवशी तीन वाजताची ओळ आहे : ‘घरी जावंसं वाटतंय.’

म्हणून निघण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवा. प्रवासात दर दोन-तीन तासांनी एक ओळ लिहा, आणि तिच्यापुढे ‘या वेळी दुसरं काय करता आलं असतं’ हेही. मी हा रकाना ठेवला नव्हता, नंतर आठवून भरला. तसा भरलेला रकाना अर्धाच खरा असतो. पुढच्या खेपेला शक्यतो एकच गोष्ट बदला.

गाइडना मी अजून उत्तर दिलेलं नाही, महिनाभर मागून घेतलाय. केळव्याला पुन्हा जाणार, एकटीच, पण सकाळी. सातपाटीला मैत्रिणीला घेऊन, संध्याकाळी उशिरापर्यंत. तिथे सोबत आणि वेळ दोन्ही बदलणार, हे कळतंय. वहीत तसं आधीच लिहून ठेवलंय.