रोबोटच्या जमान्यातही गाडीचं वायरिंग हातानेच का बांधतात?

चाकणच्या मोठ्या कार कारखान्यांत बॉडीचं वेल्डिंग रोबोट करतात, रंगही तेच मारतात. पण त्याच गाडीत बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारा तारांचा जुडगा बहुतेक वेळा माणसांच्या हातांनी बांधलेला असतो. असं का?

हार्नेस म्हणजे काय?

दिवे, हॉर्न, सेन्सर, ईसीयू ही सगळी सुटी उपकरणं. त्यांना वीज आणि सिग्नल पोचवणाऱ्या तारा एकत्र बांधून, टोकांना कपलर लावून जो तयार संच बनतो, तो वायरिंग हार्नेस. असेंब्ली लाइनवर तो गाडीत पसरायचा आणि कपलर बसवायचे. आजच्या अनेक कारमधल्या तारा एकापुढे एक ठेवल्या तर लांबी एक किलोमीटरच्या पुढे जाते.

दुचाकीतही तारा वाढल्यात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शनसोबत सेन्सर आणि ईसीयू आले.

मशीन कुठे अडतं?

तार मापात कापणं, टोक सोलणं, त्यावर धातूचं टर्मिनल दाबून बसवणं ही कामं मशीन झटपट करतं. खरी अडचण त्यानंतर येते. पत्रा जिथे ठेवला तिथेच राहतो, म्हणून रोबोटला तो बरोबर सापडतो. तार मात्र वळते, लोंबते, दुसऱ्या तारेत अडकते.

म्हणून मोठ्या फळ्यावर हार्नेसचा खऱ्या मापाचा नकाशा लावतात आणि त्यावर खुंट्या ठोकतात. कामगार रंग बघून एकेक तार खुंट्यांमधून नेतात, कपलरमध्ये खोचतात आणि टेप गुंडाळतात. अशा कामावर महिला मोठ्या संख्येने असतात. मॉडेल किंवा व्हेरियंट बदलला की हार्नेसही बदलतो. माणूस हा बदल लवकर शिकतो, मशीन मात्र नव्याने बसवावं लागतं.

एक टर्मिनल सैल राहिलं तर?

टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी तांब्याला घट्ट धरते, दुसरी तारेच्या वेष्टनाला. दाब कमी पडला तर जोड सैल राहतो, तिथे रोध वाढतो आणि जोड तापतो. दाब जास्त झाला तर तांब्याचे बारीक धागे तुटतात. म्हणून दाबलेल्या भागाची उंची मायक्रोमीटरने मोजतात आणि नमुन्याच्या तारा ओढून बघतात.

मग सोल्डरच का करत नाहीत? सोल्डर धाग्यांमध्ये वर चढतं आणि तार तिथे ताठ होते. खड्ड्यांतून गाडी हादरत राहिली की ती नेमकी त्याच जागी तुटू शकते.

हार्नेस नाही, तर गाडी नाही

याचा झटका जगाने २०२२ मध्ये पाहिला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तिथून येणारे हार्नेस अडकले. चाकणमध्ये २००९ पासून कारखाना चालवणाऱ्या फोक्सवॅगनला जर्मनीतल्या त्स्विकाऊ इथलं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं. हार्नेस गाडीत अगदी सुरुवातीला बसतो आणि बाकीचे भाग त्यावर येतात, त्यामुळे तो नंतर घालू म्हणून चालत नाही.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं?

जादा दिवे किंवा मोठा हॉर्न लावताना मूळ तार सोलून, पिळून, वर टेप मारून घेऊ नका. असा जोड पावसात गंजतो, तापतो आणि आग लागण्याचाही धोका असतो. कपलरवाला तयार हार्नेस, रिले आणि योग्य फ्यूज वापरायला सांगा. वॉरंटीच्या अटी आधी वाचून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलला तर हातच लावू नका. तिथला व्होल्टेज जीवघेणा असू शकतो. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

गॅरेजमध्ये पाच मिनिटांत तोडलेली तार कारखान्यात कुणीतरी मोजून, ओढून, तपासून बसवलेली असते. ती कापण्याआधी एवढं जरूर आठवा.