बुटातला फोन संग्रहालयात

जुनी, आवडती विनोदी मालिका चित्रपट होऊन येते, तेव्हा तो पाहायला दोन तऱ्हेचे प्रेक्षक जातात. एकांनी मूळ मालिका मनापासून पाहिलेली असते. दुसऱ्यांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं. पहिले प्रत्येक प्रसंगाची मनातल्या मनात तुलना करत बसतात आणि बाहेर पडताना पुष्कळदा म्हणतात, ‘छे, ती मजा नाही!’ ती मजा का नसते, आणि तरीही अशा चित्रपटाचा आनंद कसा घ्यावा, हे आपण एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण अमेरिकेतलं आहे, ‘गेट स्मार्ट’ या मालिकेचं.

मेल ब्रूक्स आणि बक हेन्री या दोन विनोदी लेखकांची ही निर्मिती. १९६५ ते १९७० या काळात तिचे १३८ भाग दाखवले गेले. ते दिवस शीतयुद्धाचे होते, आणि जेम्स बाँड या देखण्या, कधीही न चुकणाऱ्या हेराला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. त्याच्या जागी या लेखकद्वयाने मॅक्सवेल स्मार्ट, म्हणजे एजंट ८६, आणून उभा केला. हा गडी नावापुरताच स्मार्ट! चुकांवर चुका करणार, पण आत्मविश्वास तसूभरही ढळणार नाही. डॉन अ‍ॅडम्स यांनी नाकातून येणाऱ्या, तुटक, ठाम आवाजात ही भूमिका अशी काही रंगवली की त्यांना तिच्यासाठी तीनदा एमी पारितोषिक मिळालं.

आता या मालिकेतला विनोद कशावर उभा होता ते पाहू. स्मार्टच्या बुटाच्या तळाशी टेलिफोन होता. टेलिफोन म्हणजे घरात तारेला बांधलेली वस्तू, असा तो जमाना. त्यामुळे एखादा माणूस भर रस्त्यात बूट काढून कानाला लावतो, यातच हसू होतं. दुसरी गंमत गुप्त खलबतांसाठी डोक्यावर उतरणाऱ्या पारदर्शक घुमटाची. त्याच्या आत बसलेल्यांनाच एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे! सरकारी गोपनीयतेची याहून नेमकी थट्टा कोणती असणार? शिवाय स्मार्टची पालुपदं होती. थाप पकडली गेली की तो लगेच त्याहून लहान थाप मारायचा, आणि तीही पकडली गेली की आणखी लहान. दर आठवड्याला प्रेक्षक त्या क्षणाची वाट पाहत असत. म्हणजे हसू त्या वाक्यात जेवढं होतं, तेवढंच त्या वाट पाहण्यातही होतं.

२००८ मध्ये पीटर सीगल यांनी या मालिकेवरून चित्रपट केला, तेव्हा काय उरलं होतं? सोव्हिएत संघ १९९१ मध्येच विसर्जित झाला होता. फोन तर ज्याच्या त्याच्या खिशात आला होता. डॉन अ‍ॅडम्स २००५ मध्ये वारले होते.

चित्रपटाने यातून जी वाट काढली, ती पाहण्यासारखी आहे. बुटातला फोन त्यांनी सरळ संग्रहालयात ठेवला. शेजारी जुना सूट आणि ती लाल मोटार. पुढे नायकावर फितुरीचा संशय येतो, तेव्हा तो निसटतो आणि याच जुन्या वस्तू घेऊन निघतो. जाणकाराला खूण पटते आणि नवख्याचंही काही अडत नाही.

नायक स्टीव्ह कॅरेल यांनी अ‍ॅडम्स यांच्या आवाजाची नक्कल केली नाही, हेही शहाणपणच. त्यांचा स्मार्ट हा शत्रूची संभाषणं ऐकून लांबलचक अहवाल लिहिणारा विश्लेषक आहे. शत्रूही माणूसच असतो, असं तो मानतो. आपल्या हिमाचल प्रदेशातला मल्ल ‘द ग्रेट खली’ यात एक धिप्पाड गुंड झाला आहे. त्याच्याशी गाठ पडते तेव्हा स्मार्टच्या कामी येते ती त्या गुंडाच्या घरच्या कटकटींची माहिती! एजंट ९९ ही नायिकाही बदलली आहे. मालिकेत बार्बरा फेल्डन यांची ९९ नायकाच्या आधी सगळं ओळखायची, पण श्रेय बहुधा त्याच्याकडे जाऊ द्यायची. अ‍ॅन हॅथवे यांची ९९ तसं मुळीच होऊ देत नाही.

पण काही गोष्टी निसटतातच. सुमारे पावणेदोन तासांच्या चित्रपटात पालुपद एखाद्या वेळीच येतं. आठवड्यामागून आठवडे साचलेली उत्सुकता तिथे कुठून आणायची? आणखी एक. साठच्या दशकातला प्रेक्षक अणुयुद्धाच्या छायेत बसून हसत होता. ते हसणं म्हणजे भीतीवरचा उतारा होता. २००८च्या चित्रपटातही अणुबाँब आहे, पण तो कथानकापुरता. त्यामुळे इथे करमणूक भरपूर होते, डंख मात्र कमी जाणवतो.

मग असा चित्रपट पाहावा कसा? हिशेबाची वही घरी ठेवून जावं. एखादी गोष्ट बदललेली दिसली, तर ‘का बदलली?’ असं स्वतःला विचारावं. निम्मी गंमत त्या उत्तरातच असते. शक्य असेल तर घरातल्या लहान-थोरांनी मिळून पाहावा. जुन्या मालिकेत एजंट १३ कधी टपालपेटीत, कधी कपाटात लपलेला असे. चित्रपटात तो झाडाच्या खोडातून बोलतो, आणि आत चक्क बिल मरे असतात! हे थोरांनी समजावून सांगावं, आणि मुलं ज्याला हसतील ते आपणही त्यांच्याकडून समजून घ्यावं. नंतर जुन्या मालिकेचे दोन-चार भाग एकत्र बसून जरूर पाहावेत.

जुन्या मालिकेवरचं प्रेम हे काहीसं आपल्या त्या वयावरचंही प्रेम असतं. ते वय कुठलाच दिग्दर्शक परत आणू शकत नाही. तेवढी एक अपेक्षा सोडली, तर बाकीचं हसू आपलंच आहे.