छागल, भोंगा आणि गाडीचं मूळपण

जुन्या मोटारींबद्दल बोलताना आपण बहुधा गाडीबद्दलच बोलतो. कंपनी कुठली, साल कुठलं, इंजिन चालू आहे का. आज मात्र आपण गाडीवर नंतर चढलेल्या वस्तूंबद्दल बोलणार आहोत. भोंगा, दिवे, बिल्ले, पाण्याची छागल. या वस्तू जमवणाऱ्यांना एक प्रश्न हमखास अडवतो, आणि तो थेट आमच्या विषयातला आहे: गाडी 'मूळ स्वरूपात' आणायची म्हटलं तर या वस्तू ठेवायच्या की काढायच्या?

प्रश्न नुसता चर्चेचा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खाजगी गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मग एखादा उत्साही मालक काय करतो? कंपनीच्या माहितीपत्रकात जे नाही ते सगळं उतरवतो. आजोबांनी बसवलेला भोंगा भंगारवाल्याकडे, आणि गाडी शोरूममधल्यासारखी चकचकीत!

नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस? दांडा? एकेक भाग वेगळा केला तर रथ नावाची वस्तू हाती लागत नाही. आपले नैयायिक हे मान्य करणार नाहीत. ते म्हणतील, अवयवांहून वेगळा अवयवी असतो आणि त्यांचं नातं समवायाचं असतं, सूत आणि कापडासारखं. भोंग्याचं आणि गाडीचं नातं मात्र नुसता संयोग. आज जोडला, उद्या काढला. इथवर ठीक. पण जे सुटं होऊ शकतं ते बिनमहत्त्वाचं, असं न्यायशास्त्र कुठेही म्हणत नाही. ती भर आपली.

आता वस्तूच बघू. सुरुवातीच्या गाड्यांचे दिवे कार्बाइडचे. वरच्या भांड्यातून पाणी थेंबाथेंबाने खालच्या कार्बाइडवर पडायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि पांढरीशुभ्र ज्योत मिळायची. (आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच कार्बाइड, बरं का, त्याला बंदी आहे.) पुष्कळ गाड्यांत वायूचं भांडं पायरीच्या फळीवर असायचं आणि तिथून रबरी नळी दिव्यापर्यंत जायची. आज बाजारात पितळी दिवा मिळतो, भांडं मिळत नाही. म्हणजे समईची वरची पणती तेवढी जमवल्यासारखं.

दुसरी वस्तू बॉइस मोटोमीटर. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला थर्मामीटर, ड्रायव्हरला समोर दिसेल असा. तो पाण्याचं नव्हे, पाण्यावरच्या हवेचं आणि वाफेचं तापमान दाखवायचा. पुढे डॅशबोर्डवर काटा आला आणि हा निव्वळ शोभेचा राहिला.

आणि छागल. कॅनव्हासची पाण्याची पिशवी, पुढे बंपरला अडकवायची. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं. माठाचंच तंत्र, फक्त चाकांवर. प्यायला उपयोगी, आणि रेडिएटर उकळला तर त्यालाही. कारखान्याच्या यादीत छागल नसते. ती उन्हाळ्याने गाडीवर चढवलेली वस्तू आहे. अमेरिकेच्या कोरड्या राज्यांत याच तत्त्वावर खिडकीला लावायचा कूलर विकला जाई: नळकांड्यात लाकडाच्या भुश्श्याची गादी, ती दोरी ओढून भिजवायची, आणि गाडी पळू लागली की वारा त्यातून आत यायचा. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र फुकट. वाशिमच्या मे महिन्यात मात्र त्याचं मोल कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आमचं मत सांगतो. इंजिन सांगतं की गाडी कुणी बनवली. छागल सांगते की ती कुठे चालली. पोळ्याच्या दिवशी बैल कोणत्या जातीचा हे शिंगावरून कळतं. घर कोणाचं हे झुलीवरून, घागरमाळांवरून. गाडी मूळ करण्याच्या नावाखाली आपण झूल फेकतो आहोत.

जमवणाऱ्यांकडूनही नुकसान होतं. वस्तू गाडीवरून उतरते, पॉलिश होते, काचेच्या कपाटात जाते, आणि मग नुसतं पितळ उरतं. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिमला सापडला. त्यावर वत्सगुल्माचं नाव कोरलेलंच आहे, तो स्वतःबद्दल बोलतो. ल्युकासच्या दिव्यावर 'किंग ऑफ द रोड' एवढंच असतं, फार तर बर्मिंगहॅमचा पत्ता. कारंज्याच्या कापूस बाजारातल्या कुणाच्या गाडीवर तो होता, हे दिवा सांगणार नाही. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचा बिल्ला घ्या. गाडीवर असताना तो सांगतो की मालक त्या संस्थेचा सभासद होता. सुटा झाला की नुसता बिल्ला.

तेव्हा घरात अशी वस्तू असेल तर घासायला घेण्याआधी फोटो काढा, जागेवरचा. शक्य असेल तर ती गाडीपासून वेगळी विकू नका. विकलीच तर सोबत एक चिठ्ठी बांधा: कोणत्या गाडीवरची, कुठे बसवलेली, कोणी आणि साधारण कधी बसवली, हे कोणी सांगितलं. भोंग्याचा रबरी फुगा चिरून गेला असेल तर नवा बसवा, वाजला तरच तो भोंगा. मात्र फुगा बदलल्याचं चिठ्ठीत लिहा, आणि जुना फुगा पिशवीत घालून सोबत द्या.