मोटारगाडीचे भूमिअंतर आणि चाक-टायरांचे आकारमान

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या मोटारगाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून जितक्या उंचीवर असतो, त्या उंचीस भूमिअंतर म्हणतात. हे मोजताना दोन चाकांच्या आतील कडांमधील जागेचा फक्त मधला ८० टक्के भाग विचारात घ्यावा, असा आंतरराष्ट्रीय मानकातील संकेत आहे. त्यामुळे चाकालगत खाली लोंबणारे लहान भाग गणतीत येत नाहीत. भूमिअंतर आणि गाडीची बैठक या दोन गोष्टी मात्र एकच नव्हेत. बैठक म्हणजे आसाच्या सापेक्ष सांगाड्याची उंची होय. ती स्प्रिंगा व पाटे यांवर अवलंबून असते. आसाची जमिनीपासूनची उंची टायरावर अवलंबून असते. भूमिअंतर या दोहोंच्या बेरजेतून येते. टायर बदलून यांपैकी फक्त दुसरी उंची बदलता येते, हे लक्षात न घेतल्यामुळे या विषयात बराच घोटाळा होतो.

टायराच्या कडेवर छापलेल्या आकड्यांवरून चाकाचा व्यास काढता येतो. उदा., १८५/६० आर १५ या मापात टायराची रुंदी १८५ मिमी., बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी., आणि रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. असतो. भिंत वर व खाली अशी दोनदा धरावी लागत असल्याने एकूण व्यास ६०३ मिमी. येतो. आर हे अक्षर टायराची बांधणी अरीय (रेडियल) असल्याचे दाखविते. रुंदी व भिंत मिलिमीटरांत आणि रिम इंचांत, असे हे मिश्र मापन जगभर रूढ आहे.

व्यासातील वाढीचा निम्माच भाग उंचीत मिळतो, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. फोक्सवॅगन कंपनीने चाकण येथील कारखान्यात तयार केलेली व २०१० मध्ये भारतीय बाजारात आणलेली पोलो ही गाडी याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या साध्या प्रकारांना १७५/७० आर १४ व वरच्या प्रकाराला १८५/६० आर १५ हे टायर दिले जात. पहिल्याचा व्यास ६००.६ मिमी. व दुसऱ्याचा ६०३ मिमी. म्हणजे रिम एका इंचाने मोठे होऊनही गाडी १.२ मिमी. एवढीच उंच झाली. रिम मोठे व भिंत बुटकी या धोरणाचा हेतू उंची वाढविणे हा नसतोच. वळणावर टायर कमी वाकावा आणि मोठे ब्रेक बसविण्यास जागा मिळावी, हे त्याचे मुख्य हेतू होत. शोभा हा तिसरा हेतू होय व ग्राहकाच्या दृष्टीने बहुधा तोच पहिला असतो. त्याच गाडीला १९५/५० आर १६ टायर घातले, तर व्यास ६०१.४ मिमी. येतो. म्हणजे दिसायला चाक भरदार झाले, तरी उंची उलट किंचित घटते. शिवाय भिंत १११ मिमी. ऐवजी ९७.५ मिमी. राहते आणि खड्ड्याच्या काठावर आपटून रिम वाकण्याचा संभव वाढतो.

वरील आकडे रिकाम्या, भार नसलेल्या टायराचे आहेत. गाडीच्या वजनाखाली टायराचा जमिनीस टेकलेला भाग चपटा होतो व आस साधारणपणे १५ ते २५ मिमी. खाली येतो. हवेचा दाब कमी असेल, तर तो आणखी खाली येतो. झीज हेही एक कारण आहे. नव्या टायरावरील नक्षीची खोली सु. ८ मिमी. असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमानुसार दुचाकी व तीनचाकी सोडून अन्य वाहनांच्या बाबतीत ती १.६ मिमी. हून कमी असता कामा नये. या मर्यादेपर्यंत झिजलेला टायर गाडीला ६.४ मिमी. खाली आणतो. पोलोच्या दोन मापांमधील फरकाच्या हा पाचपटीहून अधिक आहे. तरीही झिजलेल्या टायरामुळे गाडी खाली आल्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही.

लहान चाकाची गाडी ठेंगणीच असली पाहिजे, असे नाही. पिंपरी येथे टाटा मोटर्सच्या अभियंत्यांनी विकसित केलेल्या व २००९ मध्ये विक्रीस आलेल्या नॅनो गाडीची चाके केवळ १२ इंची रिमची होती. पुढे १३५/७० व मागे १५५/६५ हे टायर असत. त्यांचे व्यास अनुक्रमे ४९३.८ व ५०६.३ मिमी. येतात. एंजिन मागे असल्याने मागील टायर रुंद घ्यावे लागले होते. एवढ्या लहान चाकांवर या गाडीचे भूमिअंतर १८० मिमी. होते, कारण सांगाडा आसांच्या मानाने वर टांगलेला होता. मात्र लहान चाकाचा तोटा त्यामुळे नाहीसा होत नाही. ३०० मिमी. लांबीच्या खड्ड्यात ३०० मिमी. त्रिज्येचे चाक ४० मिमी. खोल उतरते, तर २५० मिमी. त्रिज्येचे ५० मिमी. (येथे टायराचे दबणे सोडून दिले आहे.) बैलगाडीचे लाकडी चाक प्रचंड मोठे करून त्यावर लोखंडी धाव चढविण्याच्या प्रथेमागे हेच भूमितीय कारण होते. हवेचे टायर लावलेली उसाची गाडी त्या मानाने ठेंगणी असते. ती भरण्यास सोपी जाते व तिचा खड्ड्यातील धक्का टायरातील हवा सोसते.

याउलट प्रकार जीपसारख्या गाड्यांत व ट्रकांत आढळतो. त्यांचा मागील आस अखंड असून त्याच्या मध्यभागी डिफरन्शियलचा गोल डबा असतो. बहुतेक वेळा तोच गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो. तो स्प्रिंगांच्या खाली, चाकांबरोबरच राहत असल्याने उंच पाटे बसवून सांगाडा कितीही वर उचलला, तरी हा डबा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. अशा गाडीचे खरे भूमिअंतर वाढविण्याचा साधा उपाय मोठा टायर हाच आहे.

भारतीय रस्त्यांवर भूमिअंतराची कसोटी गतिरोधकावर लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक १७ मी. त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग असावा. त्याची रुंदी ३.७ मी. व मध्यावरील उंची १० सेंमी. असावी. आसांमधील अंतर २.४५ मी. असलेली गाडी त्याच्या माथ्यावर बरोबर मध्यावर आली, तर दोन्ही आसांखालील उंची माथ्याहून ४४ मिमी. कमी असते, म्हणजे भूमिअंतरातील तेवढाच भाग खर्च होतो. नॅनोच्या २.२३ मी. अंतरासाठी हा आकडा सु. ३७ मिमी. येतो. असा गतिरोधक कोणत्याही धड गाडीच्या तळाला लागणार नाही. परंतु गल्लीत व वसाहतीच्या फाटकाशी बांधलेले उंचवटे अरुंद असतात. असा उंचवटा दोन आसांच्या मध्ये संपूर्ण मावतो आणि त्याची सगळी उंची भूमिअंतरातून वजा होते. १६५ मिमी. भूमिअंतराच्या गाडीत पाच माणसे व सामान भरल्यावर स्प्रिंगा ४५ मिमी. दबल्या, तर १२० मिमी. उरतात. मग १३० मिमी. चा उंचवटा तेलाच्या टाकीला घासतो. दोष रस्त्याचा असला, तरी गाडीचा मालक त्यावर उपाय टायरांच्या दुकानात शोधतो.

तेथे त्याला मिळणारा लाभ बेताचा असतो. १८५/६० ऐवजी १९५/६५ आर १५ टायर घेतल्यास व्यास ६३४.५ मिमी. होतो व गाडी सु. १६ मिमी. वर येते. त्याची किंमत इतरत्र मोजावी लागते. चाकाचा परीघ ५.२ टक्क्यांनी वाढल्यामुळे वेगदर्शक ताशी ६० किमी. दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग सु. ६३ किमी. असतो. चढावर एंजिनाची ओढ त्याच प्रमाणात घटते. पूर्ण वळविलेले चाक आतील पत्र्याला घासू शकते. गुरुत्वमध्यही वर जातो. चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता उलटण्यास होणाऱ्या विरोधाचे ढोबळ माप मिळते. हे अंतर १,४६० मिमी. व उंची ५५० मिमी. धरली, तर ते १.३३ येते आणि १६ मिमी. वाढीनंतर १.२९ होते. घट लहान आहे, पण लाभही लहानच आहे. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या व नोंदणीपत्रात नमूद तपशिलाहून वेगळे ठरतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कठोरपणे लागू केले.

भूमिअंतराचा करांशीही संबंध आला होता. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मोठ्या उपयोगी वाहनांवरील उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के करण्यात आले. लांबी ४ मी. हून अधिक, एंजिन १,५०० घ. सेंमी. हून मोठे व भूमिअंतर १७० मिमी. वा अधिक, अशी त्या वर्गाची व्याख्या होती. त्याच वर्षी महिंद्र कंपनीने आपल्या एक्सयूव्ही ५०० या गाडीचे भूमिअंतर २०० वरून १६० मिमी. वर आणल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. हे ४० मिमी. केवळ टायर बदलून मिळविण्यासाठी व्यास ८० मिमी. ने घटवावा लागला असता. २३५/६५ आर १७ या मापाचा व्यास ७३७ मिमी. असल्याने हे व्यवहार्य नव्हते. अशी घट तळाच्या रचनेतच करावी लागते. पुढे मोजमाप रिकाम्या गाडीचे की भरलेल्या, हा वाद उद्भवला. जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने रिकाम्या गाडीचे भूमिअंतर ग्राह्य धरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारगाड्यांवरील भरपाई उपकरच रद्द झाला.

बसगाड्यांत उंचीचा प्रश्न उलट बाजूने येतो. भोसरी येथे १९६७ मध्ये स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था राज्य परिवहन उपक्रमांसाठी प्रशिक्षण, संशोधन व चाचणीचे काम करते. जवळच दापोडीला महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या एस. टी. गाडीची फरशी उंच असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते सोयीचे असले, तरी वृद्धांना व अपंगांना पायऱ्या चढणे अवघड जाते. शहरी बससाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या मानकांत ४००, ६५० व ९०० मिमी. उंचीच्या फरश्यांचे वर्ग आहेत. खालच्या फरशीसाठी चाकही लहान घेता येते. २९५/८० आर २२.५ चा व्यास १,०४३.५ व २७५/७० आर २२.५ चा ९५६.५ मिमी. असल्याने तेवढ्याने आस ४३.५ मिमी. खाली येतो. अशा बसना हवेच्या पिशव्यांवर तोलतात. प्रवासी चढले की झडप आपोआप पिशवीत हवा सोडून फरशी पूर्वीच्या उंचीवर आणते. ही झडप सांगाडा व आस यांतील अंतर मोजते. आस व जमीन यांतील अंतर तिला कळत नाही. म्हणून टायराची हवा कमी झालेली बस थांब्यावर खाली बसली, तरी झडप काहीच करीत नाही. [⟶ टायर, चाक, मोटारगाडी].