दोन फोटोंमधला वेळ आणि सुटलेला भुंगा

समजा, वर्धा जिल्ह्यात सेलूकडच्या एका शेतात तुम्ही तुरीच्या फुलांवर येणारे कीटक नोंदवताय. हातात साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा. भुंगा आला, फोटो काढला. लगेच पुन्हा बटण दाबलं, तर कॅमेरा अजून पहिल्याच फोटोत अडकलेला! तो तयार होईपर्यंत भुंगा पसार.

एक फोटो हुकला तर काय एवढं? अडचण अशी की, सगळे कीटक सारखे हुकत नाहीत. कॅमेरा तीन सेकंद अडत असेल, तर फुलावर निवांत बसणारा सापडतो आणि झटपट उडणारा सुटतो. मग तक्त्यात निवांत कीटकच जास्त दिसतात. आपण ते शेताचं वैशिष्ट्य समजतो, असतं ते कॅमेऱ्याचं.

म्हणून आधी मोजा. फोनवर स्टॉपवॉच सुरू करा आणि त्याचेच सलग दहा फोटो काढा. लागोपाठच्या फोटोंत दिसणाऱ्या वेळा एकमेकींतून वजा केल्या की नऊ अंतरं मिळतात. सरासरीबरोबर सगळ्यांत मोठं अंतरही लिहून ठेवा. फोटोसोबत साठवलेली वेळ इथे कामाची नाही, ती बहुधा पूर्ण सेकंदांतच असते.

आता वेळ कुठे जातो ते बघू.

फ्लॅश: प्रत्येक वेळी त्याचा कपॅसिटर पुन्हा भरावा लागतो, बॅटरी उतरली असेल तर आणखी उशीर. उन्हात फ्लॅश बंदच ठेवा.

फोकस: बटण अर्धं दाबून फुलावर फोकस आधीच धरून ठेवा. भुंगा आला की फक्त पूर्ण दाबायचं.

साठवण: रॉ ऐवजी जेपेग निवडा. कार्डही बघा. क्लास 4 म्हणजे सेकंदाला किमान 4 मेगाबाइट, क्लास 10 म्हणजे किमान 10. अर्थात कॅमेराच हळू लिहीत असेल, तर महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही.

पूर्वदृश्य: काढलेला फोटो स्क्रीनवर दाखवण्याची सोय बंद करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दहा फोटो काढा. सगळं एकदम बदललंत, तर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही. कोणत्याही प्रयोगाला हाच नियम लागतो.

सलग फोटोंचा मोड वेगवान असतो, पण बफर भरला की तोही मंदावतो. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत फोकस पहिल्याच फोटोला अडकून राहतो, त्यामुळे पुढे सरकलेला भुंगा धूसर येतो. भेटी नुसत्या मोजायच्या असतील तर सरळ व्हिडिओ घ्या, ओळख पटवायला फोटो.

याच जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याला 2014 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ मोजायला जंगलात ट्रॅप कॅमेरे लावतात, त्यांनाही एका फोटोनंतर पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. वाघीण टिपली गेली आणि मागून आलेला बछडा त्या वेळात निघून गेला, तर नोंदीत ती एकटीच राहते.

उशीर कमी होतो, शून्य होत नाही. उरलेला किती, हे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात आकड्यासह लिहा. परीक्षक विचारायच्या आत तुम्हीच सांगितलेलं बरं.